आज्ञा कोणाची आणि आशीर्वाद कोणास?

ईश्वराच्या आज्ञा पाळणाराच्या वंशजांचे कल्याण होते, हे मत बहुतेक धर्मांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळते. यहुदी धर्मग्रंथांत तर ते एखाद्या करारपत्राप्रमाणे मांडलेले आहे. दहा आज्ञांपैकी मूर्तिपूजेविषयीच्या आज्ञेत पित्याच्या अपराधाचा दंड तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, आणि आज्ञापालकावरील कृपा मात्र हजारो पिढ्यांपर्यंत, असा हिशेब सांगितला आहे. विचारी वाचक येथे सहजच विचारील की, जो नातू जन्मासही आला नव्हता, त्याने आजोबांच्या पापाचा दंड का भरावा? बापाचे कर्ज मुलाने फेडावे हे आमच्या जुन्या धर्मशास्त्रास मान्य होते. पण बापाने केलेल्या खुनाबद्दल मुलास फाशी देणाऱ्या न्यायासनास न्यायासन कोण म्हणेल? ही शंका खुद्द यहुदी परंपरेतही निघाली होती. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात तिचा निवाडा दिला आहे, तो असा की, ज्याचे पाप त्यासच भोवेल. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही.

मग पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा आशीर्वाद तो कोणता? ह्याचे उत्तर शोधण्यास आम्हांस दूर जावयास नको. पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजाकडे पाहावे. त्यांच्या परंपरेप्रमाणे, गलबत फुटून त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले आणि त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. भाषा मराठी झाली. पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावे पडली. पण शनिवारचा विसावा, सुंता, भक्ष्याभक्ष्याचे नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना एवढे त्यांनी सोडले नाही. तेल गाळण्याचा धंदा करणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले.

आमच्या व्यापारी वाचकांनी ह्या शनिवारचा विचार करावा. आठवड्यातून एक दिवसाची कमाई सोडणे ही तोंडची भक्ती नव्हे. शिवाय ती आज्ञा केवळ मालकापुरती नाही. चाकर, परका आणि बैल ह्यांनाही तीत विसावा सांगितला आहे. ज्या आज्ञेने घाण्याच्या बैलाच्या मानेवरील जू उतरते, ती आज्ञा कोणा भटाची किंवा रब्बीची मिरासदारी नव्हे.

तथापि अर्थावाचून आचार दुबळा राहतो, हेही ह्या समाजाने ओळखले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी मुंबईत प्रार्थनामंदिर उभारले. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी शाळा काढली. दोषही होता. ह्याच समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद पडून त्यांच्यात बेटीव्यवहार बंद होता. बैलास विसावा द्यावयाचा आणि भावास मुलगी द्यावयाची नाही, हे आज्ञापालन नव्हे, वंशाभिमान होय.

त्या वंशाभिमानाचा दंश पुढे ह्यांनाच सोसावा लागला. १९४८ नंतर यांतील पुष्कळ कुटुंबे इस्राएल देशी गेली. तेथे १९६२ साली, लग्नापूर्वी ह्यांच्या कुळीची चौकशी व्हावी, असे रब्बींचे फर्मान निघाले. समाजाने नेटाने प्रतिकार केला, आणि १९६४ साली त्या फर्मानातील ह्यांचा वेगळा उल्लेख काढून टाकणे भाग पडले. ज्यांच्या वाडवडिलांनी ग्रंथ नसता शनिवार पाळला, त्यांजकडे वंशावळीचा कागद मागणे हा न्याय नव्हता.

तात्पर्य, आशीर्वाद म्हणजे वडिलांनी पुरून ठेवलेला हंडा नव्हे, की मुलाने खणला आणि मिळाला. तो रोजच्या वहिवाटीने टिकणारा हक्क आहे. वहिवाट सुटली की दस्तऐवज कितीही जुना असो, उपयोग नाही. आमचे किती वाचक पूर्वजांचा गौरव गातात आणि दुकानातील पोऱ्यास आठवड्याची एक सुटीही देत नाहीत! त्यांची मुले तो गौरव ऐकतात. पण शिकतात ते डोळ्यांनी पाहिलेले. पुढील पिढीस आपण काय देणार, ह्याचा जमाखर्च दुकानाच्या त्या पायरीवरच मांडला जात आहे.