प्रौढांचे लसीकरण : अडते कोठे?

लसीकरण म्हटले की मांडीवरचे मूल डोळ्यांपुढे येते. ते स्वाभाविकच आहे. १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने बालके व गर्भवती माता यांची जबाबदारी घेतली. त्यांची नावनिशीवार यादी असते. तारीख चुकल्यास आशाताई घरी निरोप देतात. मधुमेह, दमा, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या साठीच्या शेतकऱ्याचे नाव अशा यादीत नसते.

प्रौढ माणसे सुईला भितात, असे कारण वारंवार सांगितले जाते. ते आम्हांस पुरेसे वाटत नाही. पायात खिळा गेला की धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्यास, कुत्रा चावला की लस टोचून घेण्यास हीच माणसे स्वतःहून येतात. तेथे धोका डोळ्यांना दिसतो. फ्लू किंवा न्यूमोनियाचा धोका दिसत नाही.

याहून मोठी अडचण म्हणजे आजार हेच लस न घेण्याचे कारण समजले जाणे. 'मला शुगर आहे, मला लस चालेल काय?' हा प्रश्न २०२१ मध्ये गावोगावी ऐकू आला. कोविडच्या दुसऱ्या लाटेची चाहूल त्या फेब्रुवारीत ज्या जिल्ह्यांना प्रथम लागली, त्यांत अमरावती व अकोला होते. १ मार्चपासून साठीपुढील सर्वांना, तसेच ४५ ते ५९ वयोगटातील ठरावीक आजारांच्या रुग्णांना लस खुली झाली. मात्र या दुसऱ्या गटास डॉक्टरांचा दाखला आवश्यक होता. हेतू आजाऱ्यांना अग्रक्रम देण्याचा. पण ज्याचा नेहमीचा डॉक्टरच नाही, त्याने दाखला आणावा कोठून? १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली व ही अट उरली नाही.

वस्तुतः दीर्घकालीन आजारात संसर्ग अधिक गंभीर होतो, म्हणूनच लस लवकर घ्यावयाची. पूर्वी त्याच लशीची तीव्र ॲलर्जी आली असल्यास, किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली असता जिवंत जंतूंची लस देताना सावधगिरी हवी. फ्लू व न्यूमोनियाच्या टोचून देण्याच्या लशींत जिवंत जंतू नसतात.

मूत्रपिंडाच्या रुग्णांबाबत विलंब विशेष महाग पडतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातून या विकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत, म्हणून हे सविस्तर सांगणे भाग आहे. डायलिसिसवरील रुग्णास कावीळ 'बी'चा धोका असतो. ही लस डायलिसिसपूर्वी घेतल्यास अधिक चांगली लागू पडते. नंतर दुप्पट प्रमाणात, बहुधा चार वेळा द्यावी लागते व तरीही प्रतिसाद कमी मिळू शकतो. चार लशी म्हणजे चार फेऱ्या आणि रुग्णाबरोबर येणाऱ्याची चार दिवसांची मजुरी. बाहेरून विकत घेतलेल्या लशीचे पैसे वेगळेच.

हंगामाचाही प्रश्न आहे. फ्लूची लस पावसाळ्यापूर्वी घेणे योग्य, पण जूनमध्ये पेरणीची धांदल. एप्रिल-मे मोकळे, तर तेव्हाच्या वऱ्हाडी उन्हात लस २ ते ८ अंशांत राखणे व वीज गेल्यावर ती सांभाळणे हे जिकिरीचे काम.

यादी करणे मात्र अशक्य नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या निवडक जिल्ह्यांत प्रौढांसाठी बीसीजी मोहीम झाली, तेव्हा साठीपुढील व्यक्ती, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि क्षयरुग्णांचे सहवासी यांची घरोघर नोंद घेतली गेली.

हिवरखेड व परिसरातील कुटुंबीयांनी रुग्णास तपासणीस आणताना जुने केसपेपर बरोबर आणावेत आणि कोणती लस झाली, कोणती केव्हा घ्यावयाची, हे डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्यावे.