किल्ट आणि देशांतरित स्कॉटिश वंशज

किल्ट : स्कॉटलंडच्या हायलंड्स या डोंगराळ भागातील पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे, मागील बाजूस चुण्या असलेले लोकरी वस्त्र. ते ज्या चौकटीदार कापडाचे करतात, त्यास टार्टन म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत स्थायिक झालेल्या स्कॉटिश लोकांचे वंशज किल्ट, टार्टन, बॅगपाइप हे वाद्य व कुलनाम यांना आपल्या वारशाची प्रमुख चिन्हे मानतात. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सु. ८४ लाख लोकांनी आणि कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत सु. ४४ लाख लोकांनी आपले मूळ पूर्णतः वा अंशतः स्कॉटिश असल्याचे नोंदविले. खुद्द स्कॉटलंडची लोकसंख्या २०२२ मध्ये सु. ५४ लाख होती. म्हणजे केवळ या दोन देशांतील वंशजांची संख्या मूळ देशाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक भरते. यांतील अनेकांचे पूर्वज दीडदोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंड सोडून आले होते आणि त्यांपैकी पुष्कळांनी किल्ट कधीही नेसलेला नव्हता. असे असूनही वंशजांना त्याची ओढ का वाटते, हा इतिहास व समाजशास्त्र या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा प्रश्न आहे.

पोशाखाचा इतिहास : सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलंड्समधील पुरुष एक लांबरुंद लोकरी वस्त्र चुण्या घालून कमरेस पट्ट्याने बांधीत व त्याचा उरलेला भाग खांद्यावर घेत. गेलिक भाषेत त्यास ‘फेला मोर’ (मोठे वस्त्र) असे म्हणत. दिवसा पोशाख व रात्री पांघरूण असा त्याचा दुहेरी उपयोग होई. त्याचा केवळ कमरेखालचा भाग ठेवून तयार झालेला आखूड किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात आला. टॉमस रॉलिन्सन या लोखंडाच्या भट्टीच्या इंग्रज मालकाने आपल्या हायलंडर कामगारांच्या सोयीसाठी तो प्रथम तयार करविला, अशी माहिती अठराव्या शतकातील एका पत्रात आहे. मात्र या श्रेयाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लोलंड्स या दक्षिण व पूर्वेकडील सखल प्रदेशातील लोकांची भाषा, शेती व पोशाख ही सर्व वेगळी होती. हायलंडर लोकांकडे ते दीर्घकाळ संशयाने व तुच्छतेने पाहत असत.

बंदी व पुनरुज्जीवन : स्टुअर्ट घराण्यास पुन्हा गादीवर बसविण्यासाठी १७४५ मध्ये झालेल्या उठावात हायलंड्समधील अनेक कुले सहभागी झाली. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडन येथे त्यांचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर ब्रिटिश संसदेने कुलप्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले आणि हायलंड्समधील पुरुषांना तेथील पारंपरिक पोशाख वापरण्यास मनाई केली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद व दुसऱ्या गुन्ह्यास सात वर्षे हद्दपारी, अशी शिक्षा होती. सरकारी सैन्यातील शिपायांना मात्र या कायद्यातून सूट होती. त्यामुळे बंदीच्या काळातही हायलंडर पलटणींनी हा पोशाख टिकवून धरला. साम्राज्यविस्ताराबरोबर या पलटणी जगभर गेल्या. मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत (१८०३) इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या ७४ व ७८ क्रमांकाच्या पलटणी हायलंडरच होत्या. बंडखोरांचा पोशाख म्हणून ज्याची भीती वाटत होती, तोच अशा रीतीने साम्राज्याच्या शौर्याचे प्रतीक बनला.

ही बंदी १७८२ मध्ये उठविण्यात आली. तोपर्यंत हायलंड्सविषयीचे राजकीय भय ओसरले होते व साहित्यातील स्वच्छंदतावादी प्रवृत्तीमुळे त्या प्रदेशाला काव्यमय वलय प्राप्त झाले होते. सर वॉल्टर स्कॉट याच्या कादंबऱ्यांनी या वलयात भर घातली. चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिंबरोस आला, तेव्हा स्वागतसमारंभाची आखणी स्कॉटनेच केली. या वेळी राजासह अनेक प्रतिष्ठितांनी हायलंडर पोशाख परिधान केला व तो सर्व स्कॉटलंडचा राष्ट्रीय पोशाख मानला जाऊ लागला. प्रत्येक कुलाचे टार्टन निश्चित असते, ही कल्पनाही याच सुमारास रूढ झाली. लंडनच्या हायलंड सोसायटीने १८१५ पासून कुलप्रमुखांकडून टार्टनचे नमुने मागविले. बॅनकबर्न येथील विल्सन कुटुंबाच्या विणकाम कारखान्यात पूर्वी क्रमांकांनी वा स्थळांच्या नावांनी ओळखले जाणारे काही नमुने पुढे कुलनामांनी विकले जाऊ लागले. सोबिएस्की स्टुअर्ट म्हणविणाऱ्या दोन बंधूंनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेला टार्टनविषयक ग्रंथ प्राचीन हस्तलिखितावर आधारलेला असल्याचा दावा होता. तो ग्रंथ बनावट असल्याचे पुढे सिद्ध झाले. तथापि त्यातील अनेक नमुने आजही कुलांची अधिकृत टार्टने म्हणून वापरात आहेत.

स्थलांतर : हायलंड्समध्ये कुलाची जमीन ही कुलप्रमुख व त्याचे लोक यांचा सामाईक आधार आहे, अशी पारंपरिक समजूत होती. कलोडननंतर कुलप्रमुख अधिकाधिक प्रमाणात खंड वसूल करणारे जमीनदार बनले. मेंढपाळी अधिक किफायतशीर ठरल्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सु. १८६० पर्यंत असंख्य कुळांना त्यांच्या गावांतून हुसकावण्यात आले. सदरलंड परगण्यातील निष्कासने विशेष कुप्रसिद्ध आहेत. बटाट्यावरील रोगामुळे १८४६ पासून पडलेल्या दुष्काळाने स्थलांतरास आणखी चालना दिली. तथापि सर्वच स्थलांतरित बळाने घालविलेले नव्हते. स्वस्त जमीन, व्यापार व नोकरी यांसाठी पुष्कळजण स्वेच्छेने गेले आणि एकंदर स्थलांतरितांत लोलंड्समधील लोकांचे प्रमाण मोठे होते. उत्तर कॅरोलायनातील केप फिअर खोऱ्यात १७३९ मध्ये आर्गाइलमधील कुटुंबे वसली. ‘हेक्टर’ हे जहाज १७७३ मध्ये सु. २०० प्रवाशांसह नोव्हास्कोशातील पिक्टू येथे पोहोचले. न्यूझीलंडमधील डनीडिन ही वसाहत स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या अनुयायांनी १८४८ मध्ये स्थापिली; तिचे नाव एडिंबरोच्या गेलिक नावावरून आलेले आहे.

वंशजांतील प्रसार : नव्या देशांत स्कॉटिश मंडळे, क्रीडामेळावे व कुलसंघ निघाले. नोव्हास्कोशातील अँटिगनिश येथे १८६३ पासून हायलंड क्रीडामेळावा भरतो. उत्तर कॅरोलायनातील ग्रँडफादर मौंटन येथील मेळावा १९५६ मध्ये सुरू झाला. अशा मेळाव्यांत लाकडी ओंडका फेकणे, बॅगपाइपवादन, नृत्य इत्यादींच्या स्पर्धा होतात आणि प्रत्येक कुलसंघ आपला तंबू उभारतो. येणाऱ्यास तेथे आडनावावरून त्याचे ‘कुल’ सांगितले जाते व त्या कुलाचे टार्टन धारण करण्यास तो पात्र ठरतो. अमेरिकेच्या सीनेटने १९९८ मध्ये ६ एप्रिल हा टार्टन दिन म्हणून मान्य केला. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची ग्वाही देणारे आर्ब्रोथचे घोषणापत्र १३२० मध्ये याच दिनांकाचे आहे. ऑस्ट्रेलियात हा दिवस १ जुलै रोजी, म्हणजे पोशाखबंदी उठल्याच्या दिवशी, पाळतात.

कारणमीमांसा : स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीस मूळ गाव, भाषा व नातलग यांची प्रत्यक्ष आठवण असते, तिला चिन्हांची गरज कमी भासते. दुसरी पिढी नव्या समाजात मिसळण्यासाठी जुन्या खुणा टाकू पाहते. मुलगा जे विसरू इच्छितो, ते नातवाला आठवावेसे वाटते, असा सिद्धांत मार्कस ली हॅन्सन या अमेरिकन इतिहासकाराने १९३८ मध्ये मांडला. स्कॉटिश वंशजांच्या बाबतीत ही पुढची पिढी वारशाचा शोध घेऊ लागते, तेव्हा भाषा बहुधा लुप्त झालेली असते. खुद्द स्कॉटलंडमध्येही २०११ च्या जनगणनेत गेलिक बोलणाऱ्यांची संख्या सु. ५७ हजारच होती. जमीन परक्याची झालेली व गाव ओस पडलेले असते. अशा स्थितीत सहज बरोबर नेता येणारे, दुरून ओळखू येणारे व अंगावर घेता येणारे चिन्ह म्हणून पोशाख पुढे येतो. गेलिक शिकण्यास अनेक वर्षे लागतात. किल्ट एका दिवसात नेसता येतो.

दुसरे कारण कुलाच्या कल्पनेत आहे. ‘क्लॅन’ हा शब्द अपत्ये या अर्थाच्या गेलिक शब्दावरून आला आहे. वास्तविक एका कुलनामाचे सर्व लोक रक्ताचे नातलग नव्हते. अनेक आश्रितांनी कुलप्रमुखाचे आडनाव स्वीकारले होते. परंतु विखुरलेल्या कुटुंबांच्या व वारंवार गावे बदलणाऱ्या समाजात आडनावाच्या आधारे विस्तृत गोतावळा लाभणे, ही गोष्ट आकर्षक ठरते. कलोडनचा पराभव व निष्कासने यांच्या स्मृतींतून वंशजांना अन्यायाने वतन गमावलेल्या पूर्वजांचा एक सुसंगत इतिहासही मिळतो. लोलंड्समधील विणकराच्या किंवा कारकुनाच्या वंशजाने हा इतिहास आपला मानावा, हे यामुळेच शक्य होते. सेलेस्ट रे या मानवशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेच्या दक्षिण भागातील मेळाव्यांचा अभ्यास करून (२००१) असे दाखविले, की तेथे हायलंडर पराभवाची स्मृती यादवी युद्धातील दक्षिणेच्या पराभवाच्या स्मृतीशी एकरूप झाली आहे.

टीका व मूल्यमापन : ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ मध्ये हायलंड परंपरा ही मुख्यत्वे उत्तरकालीन निर्मिती असल्याचे प्रतिपादन केले. त्याच्या काही निष्कर्षांवर आक्षेप घेतले गेले असले, तरी कुलनिहाय टार्टनांची व्यवस्था एकोणिसाव्या शतकातील आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र परंपरा अर्वाचीन असल्याचे सिद्ध केल्याने तिच्याविषयीची निष्ठा खोटी ठरत नाही. स्थलांतरितांच्या चारपाच पिढ्यांनी विवाहात व अंत्यविधीत जो पोशाख वापरला, त्याला त्या कुटुंबांपुरता स्वतःचा इतिहास प्राप्त झालेला असतो.

अधिक गंभीर आक्षेप या स्मृतीत काय वगळले जाते, यासंबंधी आहे. राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला पळून जाण्यास साहाय्य करणारी फ्लोरा मॅक्डॉनल्ड १७७४ मध्ये उत्तर कॅरोलायनात गेली. परंतु अमेरिकन क्रांतियुद्धात तिचा पती, इतर अनेक हायलंडरांप्रमाणे, हॅनोव्हर घराण्याच्याच राजाच्या बाजूने लढला. जमैकातील मळ्यांवर अनेक स्कॉटिश मालकांनी गुलाम राबविले. तेथील कृष्णवर्णीयांत आढळणारे कॅम्बेल हे आडनाव त्याचीच आठवण देते. ऑस्ट्रेलियातील गिप्सलँड भागात गुन्नाईकुर्नाई या मूळ रहिवाशांच्या १८४० नंतरच्या हत्याकांडांशी स्काय बेटाकडील अँगस मॅकमिलन याचे नाव निगडित आहे. स्वतःच्या भूमीतून उखडले गेलेले लोक अन्यत्र इतरांना उखडून टाकण्यात सहभागी झाले, हे सत्य मेळाव्यांच्या सोहळ्यात क्वचितच उच्चारले जाते. शिवाय हर्बर्ट गान्स याने १९७९ मध्ये वर्णिलेली ‘प्रतीकात्मक वांशिकता’ ही प्रामुख्याने गोऱ्या अमेरिकनांना उपलब्ध असलेली सवलत आहे. त्यांना सणापुरते स्कॉटिश होता येते व एरवी ती ओळख बाजूस ठेवता येते. वर्णभेदास तोंड देणाऱ्यांना अशी निवड करता येत नाही.

स्कॉटलंडमध्येही एकेकाळी अनेक विचारवंतांना टार्टनचे हे प्रदर्शन उथळ वाटे. अलीकडे मात्र विवाहसमारंभात व फुटबॉलच्या सामन्यांच्या वेळी किल्ट नेसणे तेथे सर्वसामान्य झाले आहे. संसदेच्या २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या टार्टन नोंदणीपुस्तकात कुलांखेरीज शहरे, संस्था, पलटणी व व्यक्ती यांच्या नमुन्यांचीही नोंद होते. स्कॉटलंडमधील भारतीय वंशाच्या शीख समाजाने सिंग या नावाचे टार्टन स्वीकारले आहे. एका डोंगराळ प्रदेशातील वस्त्र आता रक्तसंबंधाच्या पुराव्याइतकेच स्वेच्छेने पत्करलेल्या आपलेपणाचेही चिन्ह बनले आहे.