दारातून गेलेल्या सुक्या कचऱ्याचं पुढे काय होतं?

आज आपण एका साध्या प्रश्नाचा माग काढणार आहोत. सकाळी दारातली बादली रिकामी झाली की आपल्या दृष्टीने विषय संपतो. पण तिच्यातली दुधाची पिशवी, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, औषधाची बाटली पुढे जाते कुठे? उदाहरण म्हणून पुणे घेऊ. तिथे हा प्रवास बराचसा डोळ्यांसमोर घडतो.

पुण्यात रस्त्यावरच्या कचऱ्यातून कागद-काच-पत्रा वेचून पोट भरणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातल्या बायका १९९३ मध्ये संघटित झाल्या. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या यांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे याच कष्टकऱ्यांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. पूर्वी उकिरड्यावर वेचणारी बाई आता आपल्या दारात येऊन कचरा घेऊ लागली. तिची कमाई दोन ठिकाणांहून येते: घराघरांतून मिळणारं दरमहा शुल्क, आणि सुका कचरा विकून मिळणारे पैसे. हा दुसरा भाग नीट लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता माल पुढे कसा सरकतो ते बघू. कचरावेचक बाई सुक्या कचऱ्याची वर्गवारी करून तो भंगाराच्या दुकानात विकते. तिथून तो मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कारखान्यात जातो. प्रत्येक टप्प्यावर आणखी बारीक वर्गवारी होते, कारण कारखान्याला एकाच जातीचा, स्वच्छ माल लागतो.

कागदापासून सुरुवात करू. रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात आणि त्याचा नवा कागद काढतात. पण प्रत्येक फेरीत कागदाचे तंतू आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांत दम राहत नाही. म्हणून पांढऱ्या वहीचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे होतो. उलट सहसा होत नाही. तेलकट झालेला कागद तर लगद्याच्या कामाचाच नाही.

धातूंचं तसं नाही. लोखंड कितीही वेळा वितळवा, ते लोखंडच राहतं. जालन्यातल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून बांधकामाच्या सळया होतात. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका: खनिजापासून ते काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जेत ते भंगारातून मिळतं. भंगारवाला त्याला चांगला भाव देतो त्यामागे हा हिशेब आहे.

काचही पुन्हा पुन्हा वितळते. पण बिअरच्या अख्ख्या बाटल्या न वितळवता, धुऊन परत भरल्या जातात, आणि ते जास्त शहाणपणाचं आहे. फुटलेल्या काचेला भाव फारसा नाही. हात मात्र कापतो.

आणि आता प्लॅस्टिक. आम्ही मुद्दाम 'प्लॅस्टिकं' म्हणतो, कारण ती एक वस्तू नाही. पाण्याची बाटली म्हणजे पेट. तिचे बारीक तुकडे करून बहुतेकदा पॉलिएस्टरचा धागा काढतात. तो कपड्यांत, उशांच्या भरावात जातो. शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे डबे वेगळ्या जातीचे. त्यांचा दाणा करून बादल्या, पाइप बनतात. दुधाची पिशवी आणखी वेगळी. वेफर्सच्या पाकिटात मात्र प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते परवडेल अशा खर्चात सुटे होत नाहीत. म्हणून अशी वेष्टनं पुष्कळदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्याला रिसायकलिंग म्हणणं बरोबर नाही. ते जाळणंच झालं, फक्त नियंत्रित.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं वेगळं करून देऊनही उपयोग काय? उपयोग आहे, पण तो दोन गोष्टींवर ठरतो: स्वच्छता आणि भाव.

आधी स्वच्छता. आपल्याकडे घरच्या कचऱ्यात वजनाने ओला भाग मोठा असतो. त्यात आमटी लागलेला कागद मिसळला, की कागद गेला आणि खतही बिघडलं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं तीन भागांत वर्गीकरण घरातच करायला सांगितलं, ते यासाठीच. मिसळलेला कचरा शेवटी डेपोत जातो. डेपो म्हणजे कुणाचं तरी गाव असतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेलणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी त्यासाठी वारंवार आंदोलनं केली आहेत.

दुसरी गोष्ट भाव. नवं प्लॅस्टिक खनिज तेलापासून बनतं. तेल स्वस्त झालं की नवं प्लॅस्टिक स्वस्त होतं, आणि जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही. त्या वेळी तोटा सर्वांत आधी पोचतो तो वेचणाऱ्या बाईपर्यंत.

इथे मघाचा मुद्दा परत येतो. आपण वर्तमानपत्रं, खोकी, पत्र्याचे डबे स्वतः विकतो, आणि तिला वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, फुटक्या कपबश्या देतो. म्हणजे भाव असलेला माल आपला आणि बिनभावाचा तिचा! दोन्ही मिळाले तर चांगल्या मालाच्या पैशांवर ती निरुपयोगी मालाचाही भार उचलू शकते. नाहीतर पाकिटं वेगळी काढण्यात घालवलेल्या वेळाचं तिला काहीच मिळत नाही.

तेव्हा करायचं काय? दुधाची पिशवी विसळून, वाळवून द्या. पिशवीचा कोपरा कापून वेगळा पाडू नका. तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुडी उघडून बघायची वेळ तिच्यावर येणार नाही. काच वेगळी द्या. शुल्क वेळेवर द्या. आणि थोडी रद्दी तिच्यासाठीही ठेवा. यंत्रं आली तरी पहिली निवड आजही माणसाच्या हातानेच होते. त्या हाताला काय लागेल, हे आपल्या स्वयंपाकघरात ठरतं.

आता प्रश्न घेऊ.