स्वयंसेवक, प्रेषित आणि सावड

परदेशी जाऊन विनावेतन सेवा करणाऱ्या तरुणास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरकरणी केवळ परिभाषेचा वाटतो. परंतु कॅथॉलिक युवकसंघाबरोबर अशा कार्यास निघालेल्या तरुणाच्या वाट्यास दोन नावे येतात. लौकिक व्यवहारात तो ‘स्वयंसेवक’ असतो. ख्रिस्तसभेच्या परिभाषेत त्याचे कार्य ‘प्रेषितकार्य’ ठरते. या दोन नावांतील कर्तृत्वाची कल्पना मात्र एक नाही.

‘स्वयंसेवक’ हा शब्द इंग्रजी ‘व्हॉलंटियर’चा पर्याय म्हणून रूढ झाला. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘इच्छा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि मराठी समासातील ‘स्वयं’ हे पद तोच आशय व्यक्त करते. उलट ‘प्रेषित’ हे कर्मणि धातुसाधित होय. त्याचा अर्थ ‘पाठविलेला’. ग्रीक ‘अपोस्तोलोस’ या शब्दाचा अर्थ तोच, आणि ‘मिशन’ या शब्दाचे मूळही ‘पाठविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. म्हणजे पहिल्या शब्दात प्रेरणा सेवकाची, तर दुसऱ्यात ती पाठविणाऱ्याची. तथापि एका बाबतीत दोहोंचे साम्य आहे: ज्याची सेवा करावयाची, त्याला यांपैकी कोणत्याच शब्दात स्थान नाही.

आता ग्रामीण शब्दसंग्रहाकडे पाहावे. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या शेतकरी गावाच्या जीवनाशी निगडित असे विनावेतन श्रमाचे शब्द मराठीत अनेक आहेत. ‘वेठ’ (संस्कृत ‘विष्टि’) म्हणजे सक्तीचे श्रम. ‘इर्जिक’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी औते घेऊन एकाच्या शेतात राबावे आणि त्याने सर्वांस जेवू घालावे, ही रीत. ‘सावड’ म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, अशी श्रमांची परतफेड. सावडीत घेणारा आणि देणारा हे भेद स्थिर राहत नाहीत. परदेशातील सेवेत नेमकी हीच परतफेड दुर्घट होते. पाहुणा काम करून निघून जातो. मग तेथे सावड कशाची करावयाची?

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात मिळते. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, तेव्हा त्याचे वय तिशीचे होते. तो अर्थातच पाठविलेला होता. उरलेली चाळीस वर्षे त्याने गोव्यातच काढली. १६१६ साली छापलेले त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत आहे. सासष्टीतील लोकांच्या बोलीचे, म्हणजे कोंकणीचे, व्याकरणही त्याने रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोल येथे प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. पुराणाची भाषा एक आणि व्याकरणाची दुसरी, हा विवेक लक्षात घेण्याजोगा आहे: श्रोत्यांच्या ग्रंथभाषेचा आणि बोलीचा भेद त्याने ओळखला होता. शिकवावयास आलेला मनुष्य प्रथम शिकला.

मात्र सेवकाने जोडलेले सत्तेने तोडल्याचेही उदाहरण येथेच आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. पाठविणाऱ्यांच्या मागे राज्यसत्ता उभी असली, की पाठविलेल्याचे भाषाज्ञान हे त्या लोकांच्या भाषेचे संरक्षण ठरत नाही.

उलट दिशेने गेलेल्या मराठी माणसाचे उदाहरण धर्मकार्यातील नसले, तरी येथे उपयुक्त आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यात होते. म्हणजे कोटणीस स्वेच्छेने गेले आणि पाठविलेलेही होते. पथकातील पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘चीन’ या अर्थाचे ‘हुआ’ हे पद आहे; कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. ते चिनी भाषा शिकले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यांच्या नावाचे भाषांतर झाले नाही. यजमानांच्या भाषेने ते ध्वनिरूपाने स्वीकारून त्यास आपले एक पद जोडले.

या दोन उदाहरणांवरून असे म्हणता येईल, की परक्या देशात श्रमाची सावड अशक्य असली, तरी भाषेची सावड शक्य आहे. आपण हात द्यावे आणि त्यांच्याकडून शब्द घ्यावे. मग यजमान केवळ उपकृत राहत नाही, तो गुरू होतो. युवकसंघाचा परदेशातील मुक्काम बहुधा थोड्या आठवड्यांचा असतो. तेवढ्यात भाषा येत नाही, हे खरे. पण नमस्काराचे, आभाराचे, भाकरीपाण्याचे आणि दुखण्याखुपण्याचे शब्द येऊ शकतात. ते निघण्यापूर्वी शिकणे हा तयारीचा भाग असावा, आणि उरलेले विचारून घेणे हा सेवेचाच. ‘स्वयंसेवक’ आणि ‘प्रेषित’ या दोन्ही शब्दांनी वगळलेला तिसरा मनुष्य अशा वेळी संभाषणात प्रवेश करतो.