लोकप्रियता आणि प्रतिष्ठा : एका रॉकवृंदाचे उदाहरण

लोकप्रियता व कलात्मक प्रतिष्ठा ह्यांची वाटचाल एकाच गतीने होत नाही. न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ ह्या रॉकवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली, तेव्हा ‘बिलबोर्ड’च्या खपाच्या यादीत ती १७१ व्या क्रमांकावरच अडली. १९७० मध्ये प्रमुख गीतकार लू रीड वृंदातून बाहेर पडला. पुढे डेव्हिड बोवी, आर. ई. एम. आदींनी ह्या वृंदाची गीते गाइली. कलावंतांच्या कानांनी जे आधी टिपले, ते समीक्षेत मागाहून उतरले. २००३ साली ‘रोलिंग स्टोन’ने निवडलेल्या ५०० श्रेष्ठ मुद्रिकांत तीच मुद्रिका १३ वी आली. ह्याला ‘उशिरा उमगलेली थोरवी’ म्हणणे मात्र भाबडेपणाचे होय. मुद्रिका तीच होती. पालटला होता तो ‘कर्कश’ ह्या शब्दाचा मूल्यभाव. पूर्वी दोषवाचक असलेला तो शब्द पंक संगीतानंतर गुणवाचक झाला. २०२० च्या यादीत ती २३ वी आहे.