सुधाकराजवळ कोण हवे होते?

व्यसनावर उपदेश केला की मुले मान खाली घालतात. गोष्ट सांगितली की वर पाहतात. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर हुशार वकील. कोर्टात खटका उडतो, सनद काही महिने जाते, आणि तळीराम प्याला पुढे करतो.

शिक्षकांनी येथेच थांबावे. शेवट सांगायची घाई नको. वर्गाला विचारावे, "त्या घटकेला सुधाकराजवळ कोण हवे होते?"

आमच्या गारखेड्याकडे पोरे नशेच्या गोळीला 'बटन' म्हणतात. देणारा बहुधा मित्रच, आणि म्हणणे तेच : एकदाच घे!

उत्तर शोधता शोधता मुले स्वतःविषयी बोलू लागतात. तेव्हा रागावू नका, ऐकून घ्या. दुखावलेला पोरगा तळीरामाआधी तुमच्याकडे आला, तर धडा पोचला म्हणायचा.