नारळाच्या झाडापासून आयनांबरापर्यंत : वादळी पट्ट्यातले घरगुती रेडिओ केंद्र

तंजावरचे राजे शहाजी हे व्यंकोजींचे पुत्र. त्यांनी 1693 मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम असे नाव पडले. संतकवी श्रीधर वेंकटेश अय्यावाळ याच गावचे. त्यांच्या घरच्या विहिरीत गंगा अवतरली, अशी श्रद्धा असल्याने कार्तिकै अमावास्येला हजारो भाविक येथे स्नानाला येतात. हा उत्सव नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठण्याचे दिवसही हेच. किनारा येथून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे.

कावेरीच्या या मुखप्रदेशाला 16 नोव्हेंबर 2018 रोजी ‘गज’ चक्रीवादळाने झोडपले. नागपट्टिनम, तिरुवारूर, तंजावर आणि पुदुकोट्टै या जिल्ह्यांत नारळाच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे एक लाखाहून अधिक खांब पडले. वीज गेली की मोबाइल मनोरे आपल्या बॅटरीवर काही तास तग धरतात, त्यानंतर तेही मुके होतात. अशा वेळी दोन घरांमध्ये कोणत्याही मनोऱ्याविना संपर्क साधू शकणारे साधन म्हणून हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, आजही उपयोगी पडतो.

सुनामीच्या वेळी त्याची प्रचीती आली होती. 26 डिसेंबर 2004 रोजी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचा गट पोर्ट ब्लेअरमध्येच होता. तो तेथे गेला होता जगभरातील छंदिष्टांशी संपर्क साधण्यासाठी. अंदमानचा मुख्य भूमीशी संबंध तुटल्यावर तीच यंत्रे आप्तांच्या खुशालीचे निरोप पोहोचवू लागली.

असे केंद्र घरी उभारायचे, तर पहिली पायरी परवान्याची. भारतात 12 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. प्राथमिक विद्युतशास्त्र आणि नियम हे तिचे विषय. प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीची अट नाही. परवान्यासोबत ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे बोधचिन्ह मिळते. परवान्याविना प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. केंद्राचा पत्ता परवान्यात नोंदलेला असल्याने घर बदलले, तर तसे कळवावे लागते. केवळ ऐकत राहून या छंदाची सुरुवात करणारे पुढे चांगले चालक होतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

नवखा माणूस बहुधा सारे पैसे यंत्रावर खर्च करतो आणि अँटेनासाठी उरेल ते वापरतो. क्रम उलटा हवा. मध्यम दर्जाचे यंत्र आणि नीट बांधलेली तार ही जोडी महागड्या यंत्राला मागे टाकते.

गणित सोपे आहे. 143 या आकड्याला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की अर्धतरंग अँटेनाची लांबी मीटरमध्ये मिळते. 7.1 मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे 20 मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना 10-10 मीटर. घराच्या वायरिंगची साधी तांब्याची तार त्याला पुरते. ती थोडी लांब कापावी आणि मोजमाप घेत छाटावी. आखूड झालेली तार वाढवणे कटकटीचे असते.

कावेरीकाठी नारळाचे झाड हा आयता मनोरा. मध्यबिंदू 9-10 मीटर उंचीवर टांगून दोन्ही टोके उतरती बांधली की काम झाले. मात्र टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच हवीत, कारण प्रक्षेपणाच्या वेळी तेथेच दाब सर्वाधिक असतो. झाड डोलते, तेव्हा ताणलेली तार तुटते. म्हणून दोरी कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला वजन लावतात. विजेच्या तारांच्या जवळपास अँटेना कधीही टांगू नये.

उंची कमी म्हणून खंत करण्याचे कारण नाही. 7 मेगाहर्ट्झला 10 मीटर उंचीवरची तार बरीचशी ऊर्जा सरळ आकाशाकडे फेकते. आयनांबरावरून परतलेल्या लहरी भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटर परिसरात उतरतात. चेन्नई येथून सरळ रेषेत सुमारे 250 किलोमीटर. हातातल्या लहान संचाची मजल तेथवर जात नाही, ही तार दिवसा आरामात पोहोचते. रात्र चढली की आयनांबर विरळ होते, जवळची केंद्रे हरवतात आणि दूरची ऐकू येऊ लागतात. तेव्हा 3.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळावे लागते. तेथे तार दुप्पट लांब.

आजच्या घरातला खरा शत्रू म्हणजे गोंगाट. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौर पॅनेलचे नियंत्रक यांतून निघणारी खरखर क्षीण संदेश गिळून टाकते. बॅटरीवर यंत्र चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि मग एकेक उपकरण सुरू करीत दोषी शोधावा, हा जुना उपाय अजूनही सर्वोत्तम.

100 वॉटचा संच 13.8 व्होल्टवर चालतो आणि बोलताना 20 ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. ऐकताना एखादा ॲम्पिअर. म्हणूनच वादळात शक्ती कमी ठेवणारा आणि अधिक ऐकणारा चालक अधिक काळ टिकतो.

वादळाचा इशारा मिळताच अँटेना उतरवून गुंडाळून घरात ठेवावी. केबल यंत्रापासून काढावी. विजेचा धोका निव्वळ अर्थिंगने टळत नाही. ‘गज’मध्ये झाडेच कोसळली, तेव्हा त्यांच्यावर टांगलेली तार वाचली असती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 25 मीटर तार, दोरी आणि जोडणीचे सुटे भाग पिशवीत तयार असले, तर बांबूवरही तासाभरात केंद्र पुन्हा उभे राहते. पडलेल्या विजेच्या तारा निर्जीव असल्याची खात्री होईपर्यंत मात्र अंगणात पाऊल टाकू नये.

पुनर्उभारणीत बहुतेक बिघाड केबलमध्ये सापडतो. पाणी एकदा आत शिरले की तांब्याची जाळी काळी-हिरवी पडत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत केबल कापावी, नवा जोड बसवून त्यावर जलरोधक फीत गुंडाळावी आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकता वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते. मग कमी शक्तीवर स्थिर-तरंग गुणोत्तर मोजावे. ते 1.5 च्या आत असले तर उत्तम. 3 च्या वर गेल्यास प्रक्षेपण थांबवून दोष शोधावा. चांगल्या दिवसांत घेतलेले आकडे वहीत असतील, तर हा शोध मिनिटांचा. नसतील, तर दिवस मोडतो.